एकच टॅग, दोन प्रोसेसर: कंटेनर इमेजबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सीआय पाइपलाइनवर (कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या साखळीवर) लिहिताना जाता जाता म्हटलं होतं की आर्म आणि इंटेल अशा दोन्हींसाठी कंटेनर इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइलचं एकत्र पॅकेट) बनवताना कुणाचं गाडं अडत असेल तर कळवा. इनबॉक्स भरला की हो. पण बहुतेक जण फिरून फिरून त्याच तीन-चार जागी अडकलेत, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि गावं तेवढी ठेवलीत. एक आधीच सांगून ठेवतो, इंटेल असो की एएमडी, त्यांच्या ६४ बिट प्रोसेसरला डॉकर ‘एएमडी६४’ म्हणतं, आणि ॲपलच्या एम सिरीजपासून ॲमेझॉनच्या ग्रॅव्हिटॉनपर्यंत सगळ्या ६४ बिट आर्मला ‘आर्म६४’. खाली तेच वापरतोय.

प्रश्न: नमस्कार सर, आमची बाणेरला छोटी टीम आहे. तिघांना नवीन मॅकबुक मिळाले, त्यातल्या एकाने घाईघाईत लॅपटॉपवरूनच इमेज बिल्ड करून लेटेस्ट टॅगने पुश केली, आणि सर्व्हरवर कंटेनरचा पॉड क्रॅशलूपमध्ये, उठतो आणि मरतो. लॉगमध्ये एकच ओळ, ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. त्याच्याकडे मात्र मस्त चालतंय. हे नेमकं काय झालं? *(पुणे)*

उत्तर: मॅक आर्मचा, सर्व्हर इंटेलचा, एवढंच झालं. ॲपलने एम१ आणला नोव्हेंबर २०२० मध्ये, तेव्हापासून ही एरर ऑफिसाऑफिसात पोचलीये.

आत काय होतं ते बघा, एकदा कळलं की परत घाबरायला होत नाही. लिनक्सच्या प्रत्येक बायनरीच्या सुरुवातीला ईएलएफ हेडर असतो आणि त्यात दोन बाइटमध्ये लिहिलेलं असतं की ही फाइल कुठल्या प्रोसेसरची, ६४ बिट इंटेल-एएमडीचा आकडा ६२ आणि ६४ बिट आर्मचा १८३. कर्नल प्रोग्राम सुरू करायच्या आधी हा आकडा वाचतो, आपला नसेल तर तिथेच हात वर करतो. तुमच्या कोडची एकही ओळ चाललेली नसते, म्हणून लॉगमध्येही त्या एका ओळीपलीकडे काही सापडत नाही. (अर्थात हीच एरर एंट्रीपॉइंटच्या शेल स्क्रिप्टमध्ये पहिली शिबँगची (#! ने सुरू होणारी) ओळ विसरली तरी येते, तेव्हा प्रोसेसरला शिव्या द्यायच्या आधी ती फाइल एकदा उघडून बघा.)

आता टॅगचं, म्हणजे इमेजला लावलेल्या नावाचं. मल्टि-आर्किटेक्चर इमेजमध्ये टॅगच्या मागे थेट इमेज नसतेच, एक यादी असते. डॉकरवाले तिला मॅनिफेस्ट लिस्ट म्हणतात, ओसीआय या कंटेनरची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या स्पेसिफिकेशनमध्ये इमेज इंडेक्स. त्या यादीत लिहिलेलं असतं की एएमडी६४ हवी असेल तर हा डायजेस्ट (इमेजच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळखक्रमांक) घ्या, आर्म६४ हवी असेल तर तो घ्या, आणि पुल करणारं मशीन आपापली उचलतं. डॉकर हबवरच्या ऑफिशियल इमेज २०१७ पासून अशाच आहेत, म्हणून तुमच्या दोस्ताला बेस इमेज ओढताना काही वेगळं जाणवलंच नाही, त्याला आपोआप आर्मची मिळाली. त्याने वर आपला एक थर चढवला आणि साधा बिल्ड, साधा पुश केला. त्या पुशने लेटेस्टवर जे काही होतं ते पुसून एकटी आर्मची इमेज तिथे बसवली. टॅगवर जो शेवटी लिहितो त्याचंच राहतं, मागचं आणि पुढचं जोडून घ्यायचं काम रजिस्ट्री, म्हणजे इमेज ठेवायचं कोठार, करत नाही.

उपाय तांत्रिक कमी आणि शिस्तीचा जास्त. प्रॉडक्शनच्या रजिस्ट्रीवर पुश करायचा हक्क फक्त सीआयच्या टोकनला ठेवा, माणसांचा काढून घ्या. दोन दिवस कुरकुर होईल, होऊ द्या. आणि डिप्लॉयमेंटमध्ये लेटेस्ट वापरणं सोडा, कमिटचा हॅश टॅग म्हणून लावा, म्हणजे असं काही झालंच तर मागच्या टॅगवर यायला मिनिटभर लागेल.

प्रश्न: दादा, गिटहब ॲक्शन्समध्ये क्यूएमू आणि बिल्डएक्सची (डॉकरच्या बिल्ड टूलची) ॲक्शन लावली, प्लॅटफॉर्ममध्ये दोन्ही लिहिले, झालं एकदाचं. पण आधी चार-पाच मिनिटांत होणारा बिल्ड आता पाऊण तास घेतो आणि कधीकधी मध्येच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून मरतो. नोडचा फ्रंटएंड आणि गो मधली एपीआय आहे. मोठा रनर (बिल्ड चालवणारं मशीन) घेऊ का? *(नागपूर)*

उत्तर: मोठा रनर घेऊ नका, पैसे जातील आणि पाऊण तासाचा अर्धा तास होईल फार तर.

तुमच्याकडे होतंय असं, की रनर इंटेलचा आणि त्यावर आर्मची बायनरी चालवायची आहे. कर्नलमध्ये बिनएफएमटी-मिस्क नावाची सोय आहे, तिला सांगून ठेवता येतं की आर्मची फाइल आली की सरळ नाही म्हणू नको, क्यूएमूकडे दे. क्यूएमू मग दुभाष्यासारखा बसून आर्मच्या सूचना एकेक करून इंटेलच्या करत राहतो. चार फाइल कॉपी करायच्या, एखादं पॅकेज टाकायचं, एवढ्याला हे ठीकच आहे, कळतही नाही. पण कंपायलर म्हणजे नुसती गणितं करणारा प्रोग्राम, तो अख्खा दुभाष्यातून चालवला की नाकी नऊ येणारच. आणि सेगमेंटेशन फॉल्टचं म्हणाल तर तो बऱ्याचदा तुमच्या कोडमधला नसतोच, क्यूएमूच्या जुन्या आवृत्तीतला असतो. डेबियनच्या इमेजमध्ये पॅकेज टाकताना ‘लिबसी-बिन’च्या ट्रिगरपाशी मरत असेल तर बिनएफएमटीची इमेज नवी करून बघा. डॉटनेटवाल्यांनी तर हा नाद करूच नये, क्यूएमूखाली डॉटनेट चालवायला मायक्रोसॉफ्टचा सपोर्टच नाहीये.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे: क्यूएमूमध्ये कंपाइल करू नका, कधीच नका. कंपाइल करायचं ते रनरच्या स्वतःच्या प्रोसेसरवर, आणि दुभाषा लागलाच तर शेवटच्या पातळ थरापुरता.

तुमच्याच डॉकरफाइलवर बोलू. पहिली स्टेज नोडची, तिथे फ्रंटएंड बिल्ड होतो आणि बाहेर काय पडतं, तर एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टच्या फाइल. त्यांना प्रोसेसरशी काय देणंघेणं? तरी तुमचा बिल्ड ती स्टेज दोनदा चालवतोय, एकदा इंटेलवर आणि एकदा रडतखडत क्यूएमूत. त्या स्टेजच्या फ्रॉम ओळीत प्लॅटफॉर्म फ्लॅग लावून त्याला बिल्डप्लॅटफॉर्म हा व्हेरिएबल द्या. तो बिल्डकिट (डॉकरचं बिल्ड इंजिन) स्वतः भरतो, त्याचा अर्थ ‘रनर ज्या प्रोसेसरचा, त्यावरच ही स्टेज चालव’. मग ती एकदाच चालते आणि निघालेल्या फाइल दोन्ही इमेजमध्ये कॉपी होतात. जावावाल्यांनीही हेच करावं, जार फाइल दोन्हीकडे तीच चालते, आत कुणी नेटिव्ह लायब्ररी कोंबली नसेल तर.

दुसरी स्टेज गो भाषेची. तिथेही फ्रॉमवर बिल्डप्लॅटफॉर्म, आणि खाली टार्गेटओएस, टार्गेटआर्च हे दोन आर्ग लिहून घ्या. हे विसरतात लोक, आर्ग म्हणून लिहिल्याशिवाय स्टेजच्या आत ते दिसतच नाहीत, रिकामे येतात, आणि गो मग गुपचूप रनरच्याच प्रोसेसरची बायनरी बनवून ठेवतो. एरर नाही की वॉर्निंग नाही, आर्मच्या इमेजमध्ये इंटेलची बायनरी, वरून लेबल आर्म. तर ते दोन्ही गोला गो-ओएस आणि गो-आर्च म्हणून द्यायचे आणि सीगो (गोमधून सीचा कोड वापरायची सोय) बंद ठेवायचं, म्हणजे त्याला शून्य द्यायचं. गोचा कंपायलर इंटेलवर बसून आर्मची बायनरी सरळ काढतो, वेगळा टूलचेन लागत नाही. शेवटची स्टेज मात्र बिल्डप्लॅटफॉर्मशिवाय, साधी, तिथे बेस इमेज आणि दोन कॉपी. तुमचा पाऊण तास परत काही मिनिटांवर येईल.

सीगो लागतंच असेल, म्हणजे एसक्यूलाइट वगैरे असेल, तर क्रॉस कंपायलर लावावा लागतो आणि तिथे थोडी मारामारी आहे. तिथे मी सरळ खरा आर्म रनर वापरीन. पायथनचं दुखणं अजून वेगळं: ज्या पॅकेजचं आर्मचं तयार व्हील (आधीच कंपाइल केलेली फाइल) मिळतं ते क्यूएमूतही पटकन उतरतं, ज्याचं नाही ते पिप सोर्सवरून कंपाइल करायला घेतो आणि मग बसा वाट बघत. आल्पाइनची बेस इमेज असेल तर तिला मसल लिबसीवाली (तिच्या वेगळ्या सी लायब्ररीसाठी बनलेली) व्हील्स लागतात, ती अजून कमी पॅकेजची मिळतात. दोनशे एमबी वाचवायला आल्पाइन घेतलं आणि बिल्डमध्ये तास घालवला, असली काटकसर काय कामाची. स्लिम इमेज घ्या डेबियनची आणि मोकळे व्हा.

प्रश्न: आमच्याकडे सेल्फ होस्टेड रनर आहे, काल मल्टि-आर्क बिल्ड चालत होता, आज बंद. कुणी काही बदललेलं नाही! *(पिंपरी)*

उत्तर: रनर रीस्टार्ट झाला असेल बघा. बिनएफएमटीची नोंद कर्नलच्या मेमरीत असते, रीबूट झाला की पुसली जाते. डॉकरची बिनएफएमटी इमेज चालवून ती परत करायची असते, तेही प्रिव्हिलेज्ड मोडमध्ये. एक सिस्टिमडी युनिट लिहून टाका किंवा पाइपलाइनच्या पहिल्या पायरीतच घाला.

प्रश्न: आम्ही तुम्ही म्हणता तसा खरा आर्म रनर घेतला. मॅट्रिक्समध्ये दोन जॉब, एक इंटेलवर एक आर्मवर, दोन्ही हिरवे. तरी रजिस्ट्रीत बघितलं तर कधी फक्त आर्म दिसतं, कधी फक्त इंटेल. *(ठाणे)*

उत्तर: दोन्ही जॉब एकाच टॅगवर पुश करतायत आणि जो नंतर पोचतो तो आधीच्याला पुसतो. पुण्याच्या मॅकबुकवाल्याची तीच गोष्ट, फक्त इथे रोज आपोआप घडतेय आणि वर हिरवा टिकमार्क.

बरोबर पद्धत अशी. प्रत्येक जॉबने टॅग लावायचाच नाही, आउटपुटमध्ये ‘पुश बाय डायजेस्ट’ चालू करून इमेज नुसत्या डायजेस्टवर ढकलायची. तो शा२५६चा लांबलचक डायजेस्ट फाइलमध्ये लिहून आर्टिफॅक्ट म्हणून पुढे द्यायचा. मग तिसरा जॉब, जो दोन्ही पास झाल्यावरच चालेल, तो दोन्ही डायजेस्ट घेऊन बिल्डएक्सच्या इमेजटूल्स क्रिएटने यादी बनवतो आणि टॅग लावतो. या तिसऱ्या जॉबमध्ये काहीच बिल्ड होत नाही, रजिस्ट्रीत फक्त एक छोटी जेसन फाइल लिहिली जाते, त्यामुळे काही सेकंदांत उरकतो. आणि फायदा असा की एखाद्या प्रोसेसरचा बिल्ड पडला तर टॅग हलतच नाही, अर्धवट इमेज कुणाच्या हाती लागत नाही. टेस्ट चालवायच्या असतील तर त्या याच मधल्या फटीत, डायजेस्टवर, टॅग लागायच्या आधी.

कॅशकडेही एकदा बघा. गिटहबची कॅश वापरत असाल तर दोन्ही जॉबना वेगवेगळा स्कोप द्या, एकाला एएमडी६४ दुसऱ्याला आर्म६४, नाहीतर तिथेही हीच पुसापुशी चालते आणि तुम्ही म्हणत बसता की कॅश लागत का नाही.

गिटहबने जानेवारी २०२५ मध्ये पब्लिक रेपोंसाठी लिनक्सचे आर्म रनर फुकट चालू केले, सुरुवातीला प्रीव्ह्यू म्हणून. गिटलॅबकडेही आर्मचे होस्टेड रनर आहेत. त्यामुळे ओपन सोर्स प्रोजेक्टवाल्यांनी अजून क्यूएमूत कंपाइल करत बसण्यात काही अर्थ उरलेला नाही.

प्रश्न: रजिस्ट्रीच्या पेजवर दोन आर्किटेक्चरबरोबर ‘अननोन/अननोन’ अशा दोन एंट्री दिसतात. कुणी हॅक केलं का? *(रत्नागिरी)*

उत्तर: नाही हो. बिल्डएक्स २०२३ च्या सुरुवातीपासून, म्हणजे ०.१० आवृत्तीपासून, प्रत्येक इमेजबरोबर प्रोव्हेनन्सची नोंद जोडतं, ही इमेज कशातून कशी बनली त्याची. तिला प्रोसेसर नसतो म्हणून अननोन. असू द्या, उपयोगाची आहे. त्रास होतो तो एकाच ठिकाणी, एडब्ल्यूएस लॅम्ब्डाला यादी चालत नाही, त्याला एकाच प्रोसेसरची सुटी इमेज लागते. आणि या नोंदीमुळे एकाच प्रोसेसरसाठी केलेला बिल्डसुद्धा यादी म्हणून जातो, मग लॅम्ब्डा ‘मीडिया टाइप सपोर्टेड नाही’ म्हणून परत पाठवतं. तेवढ्या बिल्डला प्रोव्हेनन्स फॉल्स करा.

प्रश्न: रजिस्ट्रीचं बिल वाढलं म्हणून मी एक साफसफाईची स्क्रिप्ट लावली, टॅग नसलेल्या जुन्या इमेज उडवायच्या. दुसऱ्या दिवशी टॅग असलेल्या इमेजसुद्धा पुल होईनात, ‘मॅनिफेस्ट अननोन’. टॅग तर जागेवर आहेत! *(औरंगाबाद/संभाजीनगर)*

उत्तर: टॅग आहे तो यादीला. यादीतल्या ज्या दोन खऱ्या इमेज, त्यांना स्वतःचा टॅग कुठे असतो? तुमच्या स्क्रिप्टला त्या बेवारस दिसल्या आणि तिने उडवल्या. आता मागे राहिलीये नुसती यादी, जिच्यातले पत्ते कुठेच जात नाहीत. काही रजिस्ट्री यादीत असलेल्या इमेज उडवू देत नाहीत, काही निमूट उडवतात, तुमची दुसऱ्या प्रकारातली दिसते. परत आणायचा मार्ग म्हणजे त्या कमिटवरून परत बिल्ड, किंवा कुठल्या तरी सर्व्हरच्या लोकल स्टोअरमध्ये अजून पडलेली असेल तर तिथून पुश. स्क्रिप्ट बदलताना आधी सगळ्या टॅगच्या याद्या उघडून आतले डायजेस्ट गोळा करा, ते वगळून उरलेलंच उडवा.

प्रश्न: द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान नोंदवायला रास्पबेरी पाय हे छोटे कॉम्प्युटर लावलेत, काही ४ आहेत, काही नवीन ५. आमची इमेज सीआयमध्ये आर्म६४ वर टेस्ट होऊन पास होते. तरी काही पाय ४ वर ‘नो मॅचिंग मॅनिफेस्ट’ येतं आणि पाय ५ वर कंटेनर सुरू होताच मरतो, लॉगमध्ये ‘जेमॅलॉक: अनसपोर्टेड सिस्टिम पेज साइज’. एकाच इमेजचे दोन आजार कसे? *(नाशिक)*

उत्तर: फार छान प्रश्न, आणि दोन्ही आजार खरंच वेगळे आहेत.

पाय ४ चं आधी. त्यांच्यावर ३२ बिट ओएस टाकलेली असणार. फसवणूक अशी की ३२ बिट रास्पबेरी पाय ओएसमध्येही कर्नल ६४ बिट असू शकतो, त्यामुळे ‘यूनेम’ला विचारलंत तर तो छातीठोकपणे ‘एआर्च६४’ सांगतो. खरं काय ते डीपीकेजीला (पॅकेज सांभाळणाऱ्या कमांडला) विचारा, त्याला प्रिंट-आर्किटेक्चर म्हणा, तो ‘आर्मएचएफ’ म्हणाला की समजा बाकी सगळं ३२ बिट आहे. तिथलं डॉकरही ३२ बिट, ते ३२ बिट आर्मची इमेज मागतं आणि तुमच्या यादीत ती नाही. एक मार्ग म्हणजे आर्म व्ही७ (३२ बिट आर्म) तिसरा प्लॅटफॉर्म म्हणून घालणे, पण मी ते करणार नाही. ६४ बिट रास्पबेरी पाय ओएस फेब्रुवारी २०२२ पासून अधिकृतपणे मिळते, आणि डॉकरने २८व्या आवृत्तीनंतर ३२ बिटवाल्या पाय ओएसला रामराम करायचं जाहीर केलंय. तेव्हा एकदा सगळी एसडी कार्डं नव्याने लिहा, शंभर एमबीच्या अजून एका बिल्डचं ओझं कायमचं कशाला वागवता.

पाय ५ चं प्रकरण मजेशीर आहे. बहुतेक मशीनवर कर्नल मेमरी ४ केबीच्या पानांत वाटतो, इंटेलवर तर तसंच. पाय ५ चा डीफॉल्ट कर्नल १६ केबीची पानं वापरतो, ‘गेटकॉन्फ पेजसाइझ’ला विचारा, १६३८४ सांगेल. जेमॅलॉक ही मेमरी वाटपाची लायब्ररी, तिच्यात पानाचा आकार कंपाइल करतानाच ठरतो. ४ केबी गृहीत धरून बनवलेली लायब्ररी १६ केबीवर गेली की सुरूच होत नाही. तुमचा आर्म रनर ४ केबीवाला असेल, क्यूएमू तर इंटेलच्या ४ केबीवरच उभा असतो, म्हणून सीआयमध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं.

लगेच चालू करायचं असेल तर पाय ५ च्या कॉन्फिग फाइलमध्ये कर्नल म्हणून ‘कर्नल८’ची इमेज द्या, तो ४ केबीवाला आहे, आणि रीबूट करा. पक्कं करायचं तर जेमॅलॉक बिल्ड करताना एलजी-पेज १६ द्या, त्यात ६४ केबीपर्यंतची पानं चालतात. आणि एक पाय ५ ऑफिसात टेबलावर ठेवून त्यालाच सेल्फ होस्टेड रनर करा, रिलीजच्या आधी कंटेनर त्याच्यावर एकदा उठतोय का एवढं बघायला. मात्र पब्लिक रेपोला असा घरचा रनर जोडू नका, कुणीही पुल रिक्वेस्ट पाठवून त्यावर स्वतःचा कोड चालवू शकतो.

प्रश्न: म्युनिकला एका लेंडिंग कंपनीत आहे. इंटेलवरून ग्रॅव्हिटॉनवर चाललोय, गो मधल्या व्याजाच्या टेस्ट आर्मवर पडतायत, फरक शेवटच्या दशांश अंकात. क्रॉस कंपाइलमुळे बायनरी बिघडली का? टीममध्ये सगळे म्हणतायत टेस्टमध्ये टॉलरन्स वाढवा. *(जर्मनीतून एक वाचक)*

उत्तर: बायनरी ठणठणीत आहे. गुणाकार करून त्यात बेरीज, असं गणित आलं की गोचा कंपायलर आर्म६४ वर ते एकाच सूचनेत करतो, फ्यूज्ड मल्टिप्लाय-ॲड. दोन पायऱ्यांत केलं तर उत्तर दोनदा राउंड होतं, एका सूचनेत एकदाच. म्हणजे आर्मचं उत्तर उलट जास्त अचूक आहे, पण वेगळं आहे. एएमडी६४ वर गो डीफॉल्टने असं करत नाही कारण जुन्या प्रोसेसरमध्ये ती सूचनाच नाही. गोच्या स्पेसिफिकेशनमध्ये याला परवानगी आहे, त्यामुळे हा बग नाही. थांबवायचं असेल तर गुणाकाराला उघडपणे फ्लोट६४ मध्ये कन्व्हर्ट करा, मग कंपायलरला ते जोडता येत नाही. सीमध्ये जीसीसीचंही असंच आहे, तिथे एफपी-कॉन्ट्रॅक्ट ऑफ करायचं.

पण खरं सांगू का, पैशाचं गणित फ्लोटमध्ये ठेवलंच कशाला? पूर्णांकात ठेवा, सेंटमध्ये नाहीतर त्याहून बारीक एककात, किंवा डेसिमल लायब्ररी घ्या. टॉलरन्स वाढवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. हे सगळं आर्मवर जायच्या निमित्ताने दिसलं एवढंच, दुखणं आधीपासूनचं.

अजून एक, सीमध्ये किंवा सी++ मध्ये लॉक न वापरता थ्रेडमध्ये डेटा वाटणारा कोड असेल तर त्याच्या टेस्ट क्यूएमूवर पास झाल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. मेमरीतल्या वाचण्या-लिहिण्याचा क्रम इंटेल बराच पाळतो, आर्म पाळायला बांधील नाही, आणि क्यूएमू इंटेलवर चालत असल्यामुळे आर्मचा तो सैलपणा तिथे सहसा दिसतच नाही. लोड टेस्ट खऱ्या ग्रॅव्हिटॉनवरच.

प्रश्न: साहेबांनी मीटिंगमध्ये ऐकलं की ग्रॅव्हिटॉन स्वस्त आहे, आता म्हणतात महिनाअखेर कुबरनेटिस क्लस्टर (कंटेनर वाटून चालवणारी मशीनची फौज) हलवा. आमच्या इमेज मल्टि-आर्क झाल्यात. मग नुसते आर्म नोड जोडले की झालं ना? *(हिंजवडी)*

उत्तर: तुमच्या झाल्यात हो, पण त्या क्लस्टरवर फक्त तुमच्याच इमेज आहेत का? लॉग गोळा करणारा एजंट, मॉनिटरिंगचा, साइडकार (मुख्य कंटेनरच्या जोडीला चालणारा), कुणीतरी तीन वर्षांपूर्वी लावून गेलेला क्रॉनजॉब, या सगळ्यांचं काय? डीमनसेट तर प्रत्येक नव्या नोडवर जाणारच. कुबरनेटिसचा शेड्यूलर पॉड ठेवताना इमेज कुठल्या प्रोसेसरची आहे ते बघत नाही, त्याला जागा दिसली की तो ठेवतो, आणि मग तीच आपली एक्झेक फॉरमॅट एरर.

म्हणून आधी क्लस्टरवर चालू असलेल्या सगळ्या इमेजची यादी काढा आणि एकेकीवर इमेजटूल्स इन्स्पेक्ट चालवा, आर्म६४ आहे की नाही. मग आर्म नोडवर टेंट लावून ठेवा, म्हणजे न सांगता कुणी तिकडे जाणार नाही, आणि एकेका सर्व्हिसला टॉलरेशन (त्या टेंटमधून सूट) आणि आर्चच्या लेबलची अफिनिटी (कुठल्या नोडवर जायचं त्याची पसंती) देऊन हलवा. आधी स्टेटलेस, शेवटी डेटाबेस. डॉकरफाइलमध्ये कर्लने एखादी तयार बायनरी ओढत असाल तर तिथेही बघा, डॉकर म्हणतं एएमडी६४ आणि आर्म६४, पण डाउनलोडच्या फाइलवर बऱ्याचदा एक्स८६-६४ आणि एआर्च६४ लिहिलेलं असतं, लिंकमध्ये टार्गेटआर्च तसाच घातला की ४०४. आणि लिंकमध्ये एएमडी६४ ठोकून लिहिलं असेल तर ४०४ सुद्धा येत नाही, चुकीची बायनरी आत जाऊन बसते.

बेस इमेज डायजेस्टने पिन केली असेल तर तो डायजेस्ट यादीचा आहे की एकट्या एएमडी६४ इमेजचा, हेही तपासा. एकट्याचा असेल तर आर्मच्या नावाखाली इंटेलचीच बेस येते, बिल्डकिट एक वॉर्निंग देतं आणि पुढे जातं, आणि बिल्डच्या लॉगमधली वॉर्निंग कोण वाचतं.

स्वस्ताईचं म्हणाल तर ग्रॅव्हिटॉन२ साठी ॲमेझॉन ४० टक्क्यांपर्यंत चांगलं प्राइस-परफॉर्मन्स सांगायचं, तो त्यांचा आकडा. एक सर्व्हिस आठवडाभर दोन्हीकडे चालवून तुमचा आकडा काढा आणि साहेबांपुढे तो ठेवा. महिनाअखेरचं बोलणं आपोआप पुढे जाईल.

प्रश्न: कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मायएसक्यूएल ५.७ ची कंपोज फाइल दिलीये, माझ्या मॅकवर ‘नो मॅचिंग मॅनिफेस्ट’ येतं, बाकीच्यांचं चालतं. *(सांगली)*

उत्तर: ५.७ ची आर्म इमेज निघालीच नाही. कंपोजमध्ये त्या सर्व्हिसखाली प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४ लिहा, हळू का होईना चालेल, प्रॅक्टिकलपुरतं पुष्कळ. आणि सरांना नम्रपणे सांगा की ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलाय, ८.० घेतलं तर दोन्हीकडे सरळ चालतं.

प्रश्न: आम्ही दोघंच आहोत, गूळ व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो, एकच इंटेलचा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर), दोघांचे लॅपटॉप विंडोजचे, तेही इंटेलच. हे सगळं वाचून टेन्शन आलंय, आमचा बिल्ड अजून एकाच प्लॅटफॉर्मचा आहे. काय काय करायला लागेल? *(कोल्हापूर)*

उत्तर: काहीच नाही. बिल्ड कमांडमध्ये प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४ असं स्पष्ट लिहून ठेवा, म्हणजे उद्या कुणी मॅक घेतला तरी इमेज सर्व्हरचीच बनेल, आणि बिलिंगकडे लक्ष द्या.